कानबाई मनमाडला जाऊन आली

रेल्वेला स्वतःचे वेगळे पोलीस कशाला हवेत, हा माझा आवडता वादाचा विषय. लग्नाच्या पंगतीत, दाढीच्या दुकानात, कुठेही मी तो उकरून काढत असे. माझं म्हणणं सोपं होतं. स्टेशनावर रेल्वेच्या मालमत्तेला जपणारे जवान वेगळे, प्रवाशांच्या चोऱ्यामाऱ्या बघणारे लोहमार्ग पोलीस वेगळे, आणि बाहेर पाऊल टाकलं की शहराचे तिसरेच. पोलीस म्हणजे पोलीस. एक ठाणं पुरे. धुळ्याला राहणारे माझे थोरले बंधू, आमचे नाना, नेमकं उलट म्हणायचे, आणि त्यांनी उलट म्हटलं की मला आणखी जोर चढायचा. त्या जोरापायी गेल्या श्रावणात मी जे केलं ते लिहून टाकावं असं फार दिवस मनात आहे.

आमच्याकडे खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई बसते. कानबाई ही देवी, आणि तिचं रूप म्हणजे नारळ. दरवर्षी बाजारातून आणलेला नव्हे. आमच्या घराण्याचा नारळ आजोबांच्या वेळचा आहे. त्याला चांदीचे डोळे आहेत, नाकात नथ आहे. सण एका वर्षी एका भावाकडे, पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे. ज्याच्या देवघरात नारळ असेल त्यानं तो स्वतः पुढच्या घरी पोचवायचा, आणि वाटेत हातातून खाली ठेवायचा नाही. त्या वर्षी तो जळगावहून धुळ्याला नानांकडे न्यायचा होता. तो पोचला नाही तर पाट रिकामा, आणि पाट रिकामा तर सगळ्या भावकीचा सण गेला.

शनिवारी सकाळी आम्ही नवराबायको निघालो. बस सरळ धुळ्याला गेली असती, पण रेल्वेचा हट्ट माझा. चाळीसगावला उतरायचं आणि तिथून धुळ्याची गाडी धरायची. पाचोऱ्यापर्यंत लाल फडक्यात बांधलेली कानबाई पिशवीसकट बायकोच्या मांडीवर होती. मग तिला डुलकी लागायला लागली, म्हणून तिनं पिशवी माझ्याकडे दिली आणि खाली ठेवू नका म्हणून बजावलं.

समोर एक गृहस्थ बसले होते. नाशिकला निघालेले, जळगावातल्या पाइपच्या कारखान्यात नोकरीला असलेले. डब्यातून रेल्वेचा जवान फेरी मारून गेला आणि मला माझा विषय मिळाला. गृहस्थ म्हणाले, धावत्या गाडीतली चोरी कुठल्या गावची, ते शहरातल्या ठाण्यानं कसं ठरवायचं? मी म्हणालो, ठरवतील, फोन आहेत ना. ते हसले. मला ते हसणं लागलं. वाद घालायला मला दोन्ही हात लागतात. पिशवी वरच्या फळीवर कधी गेली, ते आजही आठवत नाही.

चाळीसगाव आलं तेव्हाही मी बोलतच उतरलो. गाडी हलली, शेवटचा डबा समोरून गेला, आणि बायको म्हणाली, "अहो, पिशवी?"

माझ्या तोंडून पटकन निघालं, "कोणीतरी उचलली."

हे मी विचार करून बोललो नाही. पण बोलल्यावर बरं वाटलं, हे खरं आहे.

आणि मी कुठे धावलो? स्टेशनाबाहेर, शहराच्या ठाण्याकडे, आपल्या मताला जागून. तिथल्या जमादारांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "भाऊ, तुमची पिशवी आत्ता आमच्या हद्दीत असती तर शोधली असती. ती तर पळतेय. स्टेशनात जा, लवकर." आम्ही रिक्षानं परत स्टेशनात आलो आणि जिना चढलो.

लोहमार्ग पोलिसांच्या चौकीत एक महिला हवालदार होत्या. काय गेलं विचारल्यावर मी कानबाई म्हणालो, तशा त्या खुर्चीत सावरून बसल्या. माहेर धरणगावकडचं, कानबाई बसवणारं असावं. कोणावर संशय आहे का, असं त्यांनी विचारलं.

"समोर एक माणूस बसला होता," मी म्हणालो. "सारखा हसत होता."

त्यांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. "हे बघा दादा, चोरी लिहिली की सापडलेली वस्तू मुद्देमाल होते. मग कोर्टाचा हुकूम येईपर्यंत कानबाई आमच्या कपाटात. उद्या रविवार. विसरली असेल तर पुढच्या स्टेशनला फोन करते, ओळख पटवा, सही करा आणि घेऊन जा. आता सांगा, चोरली की विसरली?"

बायको माझ्याकडे बघत होती. चोरली म्हटलं तर माझी अब्रू राहत होती आणि सण जात होता.

"विसरलो," मी म्हणालो. "वाद घालत होतो."

"कसला वाद?"

तेही सांगावं लागलं. हवालदारबाईंनी हसू दाबत फोन उचलला. चोरी असती तर काम त्यांचं, विसरलेली वस्तू म्हणून आता रेल्वेच्या जवानांचं. तरी मनमाडला फोन त्यांनीच लावला. डबा, बाक, पिशवीचा रंग, सगळं सांगितलं. गाडी तेव्हा नांदगावच्या पुढे गेली होती. त्या खात्याची हद्द म्हणजे रुळांच्या दोन्ही बाजूंनी पसरलेलं एक लांबच लांब, अरुंद गाव असावं आणि गाडी त्या गावाबाहेर जाऊच शकत नसावी, असं मला पहिल्यांदा तिथे उभं राहून वाटलं.

बायकोला धुळ्याच्या गाडीत बसवलं आणि मी मनमाडला गेलो. तिथे जवानांच्या खोलीत टेबलावर, कागदपत्रं बाजूला सारून, आमची पिशवी ठेवलेली होती. जवान उत्तरेकडचा, तरणा. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून त्यानं विचारलं, "बहस करनेवाले आप ही हैं?"

माझं नाव त्या गृहस्थांना ठाऊक नव्हतं. गाडी चाळीसगावहून सुटल्यावर पिशवी त्यांना दिसली, तशी त्यांनी फेरीवरच्या जवानाला बोलावून ती सोपवली आणि सांगून ठेवलं, की पोलीस नकोत म्हणून भांडणारे एक जण घ्यायला येतील, त्यांनाच द्या. हीच माझी ओळख. ती पटवायला मला काहीच करावं लागलं नाही. पिशवीत काय आहे एवढं सांगितलं आणि सही केली. जवान म्हणाला, तपासायला फडकं सोडलं तर डोळे सरळ आमच्याकडेच बघत होते, म्हणून लगेच परत बांधलं.

त्या गृहस्थांचा नंबर कोणाकडे नव्हता. ज्या माणसाचं वर्णन मी चौकीत चोर म्हणून सांगायला निघालो होतो, त्याला साधं धन्यवादही म्हणता आलं नाही. परतीच्या गाडीत पिशवी छातीशी धरून मी त्याच्या हसण्याचाच विचार करत होतो. ते हसणं चांगलं होतं. मला तेव्हा कळलं नव्हतं.

संध्याकाळी धुळ्याला पोचलो तर बायकोनं सगळं आधीच सांगून टाकलेलं. एकही गोष्ट गाळली नव्हती. रविवारी कानबाई पाटावर बसली. बहीण अक्का आणि वहिनी गाणी म्हणायला लागल्या, नैवेद्याच्या रोटाचा वास घरभर सुटला. रोट भावकीबाहेर देत नाहीत, नाहीतर मी एक तुकडा चाळीसगावच्या चौकीत नक्की नेला असता. येणाऱ्या प्रत्येकाला नाना दारातच अहिराणीत सांगत होते, "यंदा आम्हनी कानबाई मनमाड फिरी उनी. पोलिसस्ना बंदोबस्तमा."

आरतीनंतर ते माझ्या शेजारी येऊन बसले. आता बोल, म्हणाले. मी कबूल केलं, रेल्वेला स्वतःचे पोलीस हवेत. पण दोन प्रकारचे कशाला, एकच पुरे. नानांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी जाहीर केलं, की पुढल्या साली कानबाई बसने न्यायची आणि माझ्या हातात तर मुळीच द्यायची नाही.

दुसरी अट मला मान्य होती.

"बसने नको, नाना," मी म्हणालो. "एसटीला स्वतःचे पोलीस नाहीत."