हौशीरामचं मतदानाचं जेवण

कळंबहून महाळुंगे पडवळकडे वळलं की आमच्या गावच्या फाट्यावर हौशीरामचं हॉटेल लागायचं. पाटीवर मुलीचं नाव, ‘समृद्धी’, आणि त्याखाली ‘परमिट रूम व घरगुती भोजनालय’. मी तिथं फक्त मॅच पाहायला आणि जेवायला जायचो. यावर माझ्या बायकोचा विश्वास नव्हता, तुम्हीही ठेवू नका.

हौशीराम हौसेनंच हॉटेलवाला झालेला माणूस. शहाण्णव सालच्या वर्ल्डकपला त्यानं पंचक्रोशीतला सगळ्यात मोठा रंगीत टीव्ही आणला आणि भिंतीवर इतका उंच बसवला, की मॅच संपेपर्यंत सगळ्यांच्या माना आखडायच्या. हॉटेलात एकच नियम कडक होता. बॅटिंगला आपली जोडी जमली की जो जसा बसलाय तसाच बसणार. उठायचं नाही, खुर्ची बदलायची नाही आणि टेबलावर नवं ताट येणार नाही. एकदा म्हणे गरम भाकरी वाढली आणि त्याच चेंडूवर दांडी उडाली. तेव्हापासून भाकरी आत अडकून पडायची. बाटलीला मात्र नियम लागू नव्हता, कारण ती आधीपासूनच टेबलावर असायची.

आत चुलीपाशी कुशाबाई, हौशीरामची बायको. तिच्यासारखी मासवडी मी जुन्नर-आंबेगावात कुठं खाल्ली नाही, आणि खाण्याच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. तिचा रस्सा उकळायचा, जोडी टिकायची, रस्सा निवायचा, ती पुन्हा तापवायची. एकदाची विकेट पडून ताटं बाहेर येईपर्यंत गिऱ्हाइकांना रस्सा आणि पाणी यातला फरक कळेनासा झालेला असायचा.

२००८ च्या हिवाळ्यात बचत गटाच्या इंद्रायणीनं दारूबंदीचा अर्ज दिला. तिचा नवरा भिका आमच्यातलाच. जोडी जमली की तो हलायचा नाही, आणि जोडी फुटली तरी हलायचा नाही. बाईचा संताप रास्त होता. गावातल्या बायकांचं मतदान ठरलं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तर परमिट रूमला कुलूप.

यातली मेख अशी, की जी बाई मतदानाला येणार नाही ती आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूची. कांद्याची लागवड जोरात होती, वस्त्या लांब होत्या, कंबर मोडेस्तोवर काम करून शाळेपर्यंत चालत कोण येणार? हौशीरामनं नुसतं गप्प बसायचं होतं. मी त्याला तसं बजावलंही. पण आमच्याकडे मतदान म्हटलं की जेवण आलंच. सोसायटीपासून ग्रामपंचायतीपर्यंत उपाशीपोटी कुणी कुणाला मत दिल्याचं ऐकिवात नाही.

“आसं कसं राव?” तो मलाच म्हणाला. “बाया मत द्यायला येणार आन आपुन जेवाबी म्हणायचं न्हाई? खाल्ल्या मिठाला जागत्यात माणसं.”

मतदानाच्या दिवशी बार बंद ठेवून त्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वस्त्यावस्त्यांवर धाडल्या. आधी हॉटेलात जेवण, मग त्याच ट्रॉलीतून शाळेत मत. इंद्रायणीनं महिनाभर पाय झिजवून ज्या गोळा झाल्या नसत्या, त्या सगळ्या हौशीरामनं स्वतःचं डिझेल जाळून आणल्या. माझी बायकोही त्यात होती. इंद्रायणीसुद्धा आली, पोटभर जेवली आणि एक अक्षर बोलली नाही.

मी पाणी वाढायला होतो म्हणून सगळं पाहायला मिळालं. नवरे रोज जिथं गडप होतात ती जागा बायकांनी आधी नीट न्याहाळली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवरचा टीव्ही पाहून बऱ्याच जणींचा विरस झाला. टीव्हीवर मॅच चालू होती, आपली जोडी जमलेली होती, आणि बायकांना नियम कुठं ठाऊक? त्या उठत होत्या, जागा बदलत होत्या, भर ओव्हरमध्ये रस्सा मागत होत्या. हौशीराम दारात श्वास रोखून उभा. विकेट काही पडली नाही, उलट चौकार बसले.

वाढायला कुशाबाई स्वतः बाहेर आली. खोबरं भाजून घालतेस की कच्चं, तीळ किती, रश्श्याला हा रंग कशानं येतो, असं ज्या त्या पंगतीत तिला विचारणं चाललं होतं. एका बाईनं दुसरीच्या मासवडीला नावं ठेवली नाहीत, असं मी त्याच दिवशी पाहिलं. एक म्हातारी कुशाबाईचा हात धरून म्हणाली, “आसं रांधतीस आन त्या चुलीमागं दडून बसतीस व्हय गं?” कुशाबाईनं तिला आणखी एक मासवडी वाढली.

संध्याकाळी निकाल लागला. बाटली आडवी, तीही दणदणीत मतांनी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो तर टीव्ही बंद, हॉल रिकामा आणि हौशीराम कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेला. गावानं दगा दिला म्हणून तो बराच वेळ बोलत राहिला. मग म्हणाला, निदान घरचं एक मत तरी उभं पडलं असेल.

“न्हाई,” कुशाबाई आतून आली. “म्याबी आडवीवरच मारला.”

हौशीरामनं झटकन मान वर केली.

“इतकी वरसं हिथं रांधती मी,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “रश्श्यात काय घातलंस, म्हणून काल पयल्यांदा कुणी इचारलं. तुमी तरी कवा इचारलंत?”

मला हौशीरामचं वाईट वाटलं. पण कुशाबाईसाठी आनंद त्याहून जास्त झाला, तो कशाला लपवू?

तिनं त्याच्यापुढं ताट ठेवलं. त्यानं भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली आणि सावकाश चावून खाल्ली. पुन्हा एक घास घेतला. मग चाचरत म्हणाला, “तिखट जरा जास्त झालंय का?”

“व्हय, हात जड पडला आज,” असं म्हणून कुशाबाई हसली आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.