सरावाला दिलेला चेहरा

"मॅडम, हिचा ओठ पांढरा पडतोय," शिकाऊ डॉक्टर म्हणाले.

"हिच्या रंगात पांढरं काय दिसायचंय तुम्हाला? भरा पुढं."

मी खुर्चीत आडवी होते. नाकाशेजारी सुई रुतलेली. सगळं ऐकत होते.

डॉक्टर मॅडमचं कोल्हापुरातलं चकचकीत स्किन क्लिनिक. मी मुरगूडहून एसटीनं यायचे, पेशंटचे चेहरे पुसायचे, ट्रे मांडायचे. तिथली रीतच होती. गाल, ओठ भरायचं फिलरचं इंजेक्शन नव्या डॉक्टरांना शिकवायचं तर आधी आम्हा कामाच्या पोरींवर. आम्हाला विचारायचं नाही, सांगायचंही नाही. "फुकटात हिरॉइन करतोय तुला," मॅडम म्हणायच्या. आम्ही हसायचो. नोकरी टिकवायची होती.

"लई आग होतीया मॅडम, थांबवा की," मी म्हटलं.

"गावाकडच्या बायका शेतात बाळंत होतात. हिला काय होतंय?"

सिरिंज संपवली. हातात बर्फ दिला आणि घरी पाठवलं.

सकाळी नाकापासून ओठापर्यंत निळी-काळी जाळी उमटली होती. "कुणी मारलं व्हय तुला?" आई म्हणाली. क्लिनिकला फोन केला. मॅडम म्हणाल्या, अ‍ॅलर्जी असेल, गोळी घे. मी घेतली. मॅडमवर अजून विश्वास होता, त्याची आज चीड येते. पुळ्या आल्या, कातडी काळी पडली, तेव्हा सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बोटानं ओठ दाबून बघितला. रक्त परत येत नव्हतं.

"फिलर रक्तवाहिनीत गेलंय. दुखलं तेव्हाच थांबायचं. विरघळवायचं इंजेक्शन तिथल्या तिथं द्यायचं, गरम शेक द्यायचा. बर्फ कुणी दिला?"

त्यांनी इंजेक्शन दिलं, पण उशीर झाला होता. नाकपुडीची कड झडली.

ते इंजेक्शन आमच्या क्लिनिकच्या फ्रिजात होतं. पैसेवाल्या पेशंटसाठी जपलेलं. माझ्यासाठी ती बाटली फोडावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. हे कळलं तेव्हा मी रडले नाही. टाळकं सणकलं.

मॅडमचा निरोप आला. मास्क लावून कामावर ये, कुणी विचारलं तर पार्लरात केलं म्हण. मी गेले, उघड्या तोंडानं. लग्न ठरलेल्या लेकीला घेऊन एक बाई बाकावर बसल्या होत्या.

"काय झालं गं नाकाला?"

"हितंच झालंय, काकी. ह्यांच्याच सुईनं. पोरीला बसवायच्या आधी इचारा, बिघडलं तर काय करणार हायसा."

मॅडम आतून धावत आल्या. "लायकी विसरलीस काय गं?"

"न्हाय विसरले. तुम्ही दाखवलीसा की."

मेडिकल कौन्सिलकडे तक्रार दिली आहे. आता मॅडम गोड बोलतात. पुण्याला नेऊन नाक नीट करून देते, तक्रार तेवढी मागं घे. आईही म्हणते, "घे की मागं. तुझं लगीन व्हायचं हाय अजून."

लग्न राहिलं तर राहू दे. सुनावणी होईपर्यंत या नाकाला मी कुणाचा हात लावू देणार नाही. हा पुरावा आहे. तो मी दुरुस्त करून घेणार नाही.