पैलवानाचा उजवा पाय

घरोघरी पार्सलं पोचवणाऱ्या या गृहस्थाला डेपोत सगळे पैलवान म्हणायचे, आणि हे नाव त्याचं त्यानेच पसरवलं होतं. व्यायामशाळेत जाणाऱ्यांना तो हसायचा. पैसे भरून जागच्या जागी धावायचं, हे त्याच्या मते रिकामटेकड्यांचं काम. आपण दिवसभर चढतो, उतरतो, खोकी उचलतो, जिने तुडवतो. आणखी काय हवं? पोट सुटलं होतं, पण ते म्हणे खोकं टेकवायला बरं पडतं.

वार्षिक तपासणीत कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला खोकं धरून एका पायावर उभं राहायला सांगितलं. डाव्यावर गडी खांबासारखा उभा. उजव्यावर मात्र डुगडुगला, कलंडला आणि थेट बाईंच्या कचऱ्याच्या डब्यात जाऊन बसला. बाईंनी हसू दाबलं आणि त्याला गाडीत चढून दाखवायला लावलं. तेव्हा कुठे उलगडा झाला. चढताना जोर डाव्यावर, उतरताना भार डाव्यावर. उजवा आपला बसल्या बसल्या पेडल दाबणार, बाकी साहेबी थाट. बाई म्हणाल्या, महिनाभर पलीकडच्या डाव्या दाराने चढा-उतरा, म्हणजे भार उजव्यावर येईल. पाय सुधारला नाही तर गाडी बंद आणि ऑफिसात खुर्ची.

खुर्ची म्हणजे मेहुण्याच्या हाताखाली. बायकोचा हा भाऊ डेपोचा सुपरवायझर होता, खाली पडलेलं पेनसुद्धा दुसऱ्याला उचलायला लावणारा. दुसऱ्याच दिवशी तो एक उशी घेऊन हजर झाला. खुर्ची जरा कडक आहे, भाऊजींना त्रास नको, म्हणाला. उशीचं कापड बघून पैलवानाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती त्याचीच जुनी विजार होती.

घरी बायको शिलाई मशीनवर होती. उशी तिनेच शिवली का, असं त्याने विचारलं, तर तिने मान डोलावली.

"त्या आळशाच्या ताब्यात देतेस मला?"

"जेवता जेवता झोपता तुम्ही," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत रात्रीचं चार शब्द बोलला नाहीत. मला नवरा जागा हवाय."

तो रुसला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

दुसऱ्या दिवसापासून डाव्या दाराची कसरत सुरू झाली. गिअरच्या दांड्यावरून पलीकडे सरकताना डाव्या सीटच्या उघड्या स्प्रिंगला अडकून विजार टरकन फाटली. एका आजीबाईंना वाटलं, चोरच गाडीतून उतरतोय. त्यांनी काठी उगारली. डेपोत पोरं म्हणायची, पैलवान स्वतःच्याच गाडीत पाहुणा झालाय. उजवी मांडी अशी ठणकायची की जिन्यात त्याच्या तोंडून डॉक्टरीणबाईंचा उद्धार व्हायचा. रुसवा दोन दिवस टिकला. मग ठणक्याने झोप येईना, तेव्हा नाइलाजाने तो ताटावर बसून दिवसभराची फजिती बायकोला सांगू लागला. काठीचं ऐकून तिला ठसका लागला.

महिन्यानंतरच्या तपासणीला मेहुणा मुद्दाम दारात येऊन उभा राहिला, काखेत उशी. खोकं घेऊन पैलवान उजव्या पायावर उभा राहिला. पाय थरथरला, पण हटला नाही. बाई म्हणाल्या, झालं, उतरा. हा कसला उतरतोय! मेहुण्याकडे रोखून बघत तसाच उभा, घामाघूम, दात-ओठ खात. शेवटी मेहुणा कंटाळला आणि उशी टेबलावर टाकून निघून गेला. मगच पैलवानाने पाय टेकला.

उशी घेऊन तो घरी आला. गाडी राहिली, हे बायकोला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. ती मशीनवर वाकून शिवत राहिली. त्यालाच कसंतरी झालं. जिंकून आलो आणि घरात हरल्यासारखं वाटत होतं. "रात्री जागा राहीन," तो म्हणाला. "पाय दुखला नाही तरी."

"बघू," ती म्हणाली आणि उशी ओढून घेतली. चारही कोपऱ्यांना तिने नाड्या शिवल्या, दाताने दोरा तोडला आणि उशी त्याच्या मांडीवर टाकली.

"डाव्या सीटला घट्ट बांधा. रोज रोज मी विजारी शिवणार नाही."