मीटरमागचे चार बल्ब

"गाडीच्या मीटरचे दिवे परत मंद झालेत. रविवारी ये आणि बदलून दे." वर्षभरात बाबांचा हा तिसरा फोन. मी वैतागलेच. मी राहते माजिवड्याला, आईबाबा आंबिवलीला, आणि बल्ब तर मी दोन महिन्यांपूर्वीच बदललेले. पण गाडी बाबांची, चाळीस वर्षांची, आणि तिच्याबद्दल त्यांना नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही.

हे काम मी दहा वर्षांची असल्यापासून माझ्याकडे आहे. मीटरच्या मागे मोठ्या माणसाचा हात जात नाही, म्हणून माझा बारीक हात आत. पत्र्याच्या कडेने मनगट सोलून निघायचं आणि बाबा बाहेरून ओरडायचे, "सांभाळून, वायर तुटेल." काळजी वायरीची. अठरा पूर्ण झाली तेव्हा मी चावी मागितली. त्यांनी ती माझ्यासमोर धरली, मी हात पुढे केला, आणि त्यांनी ती खिशात टाकली. "तुझा हात मीटरच्या मागेच बरा," म्हणाले आणि हसले. आईही हसली. ते हसणं मी विसरलेले नाही, आणि विसरायचा प्रयत्नही केलेला नाही.

त्या रविवारी जुने बल्ब काढून हातात घेतले. शेंगदाण्याएवढे चार बल्ब. जायला आलेला बल्ब आतून काळपट होतो. हे चारही स्वच्छ होते.

मग मला सकाळ आठवली. दोघं मला स्टेशनवर गाडी घेऊन न्यायला आले होते. मी मागे बसलेले. पुढे आई सारखी काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, स्तोत्र म्हणतेय. आता ते स्तोत्र शब्दाशब्दाने आठवलं. "डावीकडे रिक्षा. थांबा. बाई जातेय. हं, आता चला."

वर स्वयंपाकघरात जाऊन मी आईला विचारलं, "कधीपासून दिसत नाही त्यांना?"

आईने गॅस बारीक केला. "दोन वर्षं झाली. ऑपरेशनने बरं होणारं नाही म्हणाले डॉक्टर. त्यांना बोलू नकोस गं. गाडी सुटली तर खचतील ते."

"आणि कोणाला उडवलं तर? तू बाजूला बसतेस, तुझं काय?"

"मी आहे ना सांगायला," आई म्हणाली.

चांगल्या मुलीने काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. बापाचा हात हातात घेऊन, शांतपणे सांगितलं असतं. मी खाली आले, मीटरमागच्या चारही जागा रिकाम्याच ठेवल्या आणि बल्ब खिशात टाकले.

दिवसाउजेडी मीटरचा प्रकाश कळत नाही. म्हणून आम्ही पहिल्यापासून गाडीवर कव्हर ओढून आत बसतो आणि दिवे तपासतो. मी दोघांनाही हाक मारली. बाबा स्टिअरिंगवर बसले, मी शेजारी. आईने बाहेरून जाड कव्हर ओढून घेतलं. आत मिट्ट काळोख झाला. मी बटण ओढलं. खट्ट झालं.

"लागले?" मी विचारलं.

"हां! आता कसे लख्ख!" बाबा म्हणाले. "बघ, पेट्रोलचा काटासुद्धा दिसतोय. अर्धी टाकी आहे."

"नीट बघा, बाबा. चारही लागलेत?"

"चारही. मी काय आंधळा आहे?"

मी त्यांचा हात ओढला आणि तळव्यावर एकेक बल्ब ठेवत गेले. त्यांनी अंगठ्याने चाचपून पाहिलं. चौथ्या बल्बाला अंगठा थांबला.

"काय झालं गं? लागले का?" बाहेरून आईने विचारलं.

"बाबांना विचार," मी मोठ्याने म्हणाले. "त्यांना सगळं लख्ख दिसतंय."

आईने एकदम कव्हर ओढून काढलं. भर उन्हाचा झोत आत आला, बाबांचे डोळे दिपले आणि पाणी गळायला लागलं. त्यांनी बल्ब मुठीत धरले, दुसऱ्या हाताने चावी काढली आणि माझ्यापुढे केली. म्हणजे त्यांच्या मते माझ्यापुढे. चावी माझ्यापासून वीतभर लांब, काचेच्या दिशेने होती.

मी हात पुढे केला नाही.

"घे ना गं," आई खिडकीतून म्हणाली.

बाबांनी चावी थोडी डावीकडे नेली, मग परत उजवीकडे. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, खूप बरं वाटत होतं. इतकी वर्षं वाट पाहिली होती, अजून थोडी पाहायला माझी हरकत नव्हती.

"आहेस ना गं तिथे?" बाबांनी विचारलं.

मी त्यांच्या शेजारीच होते, पण बोलले नाही.