पावणेचार सेकंद

लिफ्टवाल्याला सर आवडत नव्हते, आणि पंचाईत अशी की सरांमध्ये न आवडण्यासारखं काहीच नव्हतं. बोलणं मऊ, कपडे साधे, जिन्यात भेटले तर आधी स्वतःच हात जोडणार. अशा माणसाचा राग करायचा म्हणजे सगळी मेहनत एकट्यालाच करावी लागते, समोरून काडीची मदत नाही. पण लिफ्टवाला कष्टाळू होता. त्याने ती मेहनत वर्षभर नेटाने केली.

सव्वीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत आला होता. नववीत शाळा सुटली, एकोणिसाव्या वर्षी एका उस्तादाच्या हाताखाली लागला आणि ग्रीसमध्ये जो हात घातला तो घातलाच. आता सहा इमारतींच्या लिफ्ट त्याच्याकडे होत्या. दुसऱ्या मजल्यावर उभं राहून सातव्याच्या वरचं यंत्र कुठे कुरकुरतंय हे तो नुसत्या कानाने सांगायचा. बायको म्हणायची, "लिफ्टचं बरं ऐकू येतं तुम्हाला. मी दळण आणा म्हणून तीनदा ओरडले, ते नाही आलं."

त्यांना एकच लेक. लहान असताना ती त्याच्या हत्यारांच्या पिशवीशेजारी मांडी घालून बसायची आणि प्रश्न विचारून भंडावून सोडायची. बाबा, वीज तारेत मावते कशी? बाबा, चुंबकाला लोखंडच का आवडतं? येत असेल ते तो सांगायचा, येत नसेल ते ठोकून द्यायचा, आणि लेक दोन्ही सारख्याच विश्वासाने ऐकायची. त्या नजरेवर त्याने बारा-पंधरा वर्षं काढली म्हणा ना.

मग लेक बारावीला गेली आणि संध्याकाळी सरांकडे भौतिकशास्त्र शिकायला जाऊ लागली. सर कॉलेजात शिकवायचे, राहायचे लिफ्टवाल्याकडच्याच एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर. घरी आठ मुलांना घेऊन बसायचे. तेव्हापासून लिफ्टवाल्याच्या दोन खोल्यांच्या घरात एक तिसरा माणूस राहायला आला, तो म्हणजे "सर म्हणतात".

"सर म्हणतात, ऊर्जा कधी नाहीशी होत नाही, बाबा. नुसती रूप बदलते." ताटावर बसल्या बसल्या सुरू. "हे बघा, तुम्ही हा घास खाल्लात. त्यातली ऊर्जा हातात गेली, हातातून पान्यात, पान्यातून नटात, आणि शेवटी सगळं जरासं गरम झालं. हिशेब चोख. कुठे काही हरवलं नाही."

"नट मी आवळतो," लिफ्टवाला म्हणाला, "आणि सांगतात सर."

बायको फिसकन हसली. लेक मात्र गंभीरपणे म्हणाली, "हो ना, पण का ते सर सांगतात." त्याने अर्धं ताट तसंच पुढे सरकवलं.

जळफळाट म्हणतात तो हाच. दुसऱ्याकडे गाडी आहे, बंगला आहे, त्याने त्याच्या पोटात कधी दुखलं नव्हतं. पण ज्या पोरीला आपण हाताला धरून यंत्राजवळ नेलं, तिने त्याच यंत्राबद्दल दुसऱ्या कोणाचं तरी ऐकून आपल्यालाच शिकवावं? सव्वीस वर्षं त्याने ब्रेकचा ड्रम बोट लावून तपासला होता. वजन थांबवायचं म्हणजे ड्रम तापणारच, हे त्याच्या बोटांना सरांच्या जन्माआधी, बरं, जन्माआधी नाही तरी लग्नाआधी तर नक्की ठाऊक होतं. ते कधी बोलून दाखवलं नाही हीच काय ती चूक.

शेवटी त्याने एक डाव टाकला. "तुझ्या सरांना एक विचार. लिफ्टची पेटी रिकामी आहे, मधल्या मजल्यावर उभी आहे, वीज गेलीय. आता ब्रेक सोडला. पेटी कुठे जाईल?"

लेक दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आली. "खाली. सर म्हणाले, सोपं आहे."

लिफ्टवाला असा खुलला की बायकोने कपाळाला हात लावून पाहिला. "वर जाईल, वर! दोराच्या दुसऱ्या टोकाला वजन असतं. ते रिकाम्या पेटीपेक्षा जड असतं. ते खाली येणार आणि पेटीला वर ओढणार. सांग जा तुझ्या सरांना!"

तिने सांगितलं. आणि सरांनी काय करावं? सगळ्या मुलांसमोर हात जोडून म्हणाले, "चुकलो. दुसऱ्या टोकाचा विचारच केला नाही. तुझ्या बाबांनी आज मला शिकवलं." लेक घरी आली ती डोळे चमकवतच. "बाबा, किती मोठं मन आहे हो सरांचं! असं कोण कबूल करतं?"

घ्या! बरोबर हा आला आणि कौतुक चुकणाऱ्याचं झालं. त्या दिवशी लिफ्टवाल्याने घरातला पंखा विनाकारण उघडून पुन्हा बसवला.

पुढच्या आठवड्यात सर स्वतः आले. मुलांना मशीनरूम दाखवाल का म्हणाले. इमारतीच्या सेक्रेटरीची परवानगी त्यांनीच काढली होती, "मुलांची जबाबदारी माझी" असं लिहून देऊन. लिफ्टवाल्याने आढेवेढे घेतले, पण आतून त्याला उकळ्या फुटत होत्या. त्याची खोली, त्याचं यंत्र, आणि लेक समोर. रविवारी सकाळी त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मशीनरूमची फरशी दोनदा पुसली.

काम त्याने नियमाने केलं, हे सांगायलाच हवं. पेटी रिकामी केली, तिसऱ्या मजल्यावर आणली, प्रत्येक दाराला कुलूप आणि पाटी लावली, मेन स्विच पाडला. मग गच्चीवरच्या त्या खोलीत आठ मुलं आणि सर दाटीवाटीने उभे राहिले, आणि तो बोलू लागला. पेटी पाचशे किलोची. दुसऱ्या टोकाचं वजन सातशे. दोरावर पिवळ्या रंगाच्या खुणा आहेत, त्यावरून पेटी कितव्या मजल्यावर आहे ते इथे बसून कळतं. हा ड्रम, हे त्याला दोन्हीकडून आवळणारे ब्रेक, आणि हा दांडा. दांडा ओढला की ब्रेक उघडतो, सोडला की आपोआप आवळतो.

"पण ओढून धरायचा नाही," तो म्हणाला. "एक म्हणायचं आणि सोडायचं. पुन्हा एक म्हणायचं आणि सोडायचं. धरून ठेवलात तर वजन सुसाट सुटेल. माझ्या उस्तादाने मला पहिलं हेच शिकवलं."

त्याने दांडा ओढला, एक म्हणाला, सोडला. दोर हातभर सरकला. "वर चालली!" कोणीतरी ओरडलं. मुलं हसली, लेक हसली, आणि तिने त्याच्याकडे पाहिलं, तसं, अगदी पूर्वीसारखं. लिफ्टवाल्याला वाटलं, बस, आता मेलो तरी चालेल.

तेवढ्यात सर म्हणाले, "आता सांगा, वजन खाली येतंय. त्याची ऊर्जा कुठे कुठे जातेय?"

आठही डोकी सरांकडे वळली. सर बोलू लागले, गोड बोलू लागले: थोडी पेटी वर चढवण्यात, थोडी वेगात, आणि ब्रेक लागला की त्या वेगाची उष्णता. लेकीने पिशवीतून वही काढली आणि लिहू लागली.

त्या वहीने घात केला. अर्धा तास तो बोलत होता, तेव्हा ती वही पिशवीत होती. त्याचा एक शब्द तिने लिहून घेतला नव्हता. अंगाचा असा तिळपापड झाला की त्याने दांडा ओढला आणि मोठ्याने ओरडला, "दोराकडे बघा! इकडे, दोराकडे!"

सगळ्यांच्या माना वळल्या. सर वाक्य अर्धवट टाकून गप्प झाले. दोर सरकला, मग धावू लागला, चाक घरघरलं, पिवळी खूण गेली, दुसरी गेली. मुलांचे डोळे विस्फारले, लेकीची वही खाली आली. आणि लिफ्टवाल्याने दांडा धरून ठेवला. एक म्हणायचं होतं, ते तो विसरला म्हणावं तर तसं नाही. त्याला ते आठवत होतं. पण सगळे त्याच्या यंत्राकडे बघत होते आणि ते संपू नये असं त्याला वाटत होतं.

सातव्याची खूण दिसली तेव्हा तो भानावर आला. दांडा सोडला. ब्रेक किंचाळला, जळका वास सुटला, आणि पार तळातून असा दणका आला की पायाखालची फरशी हादरली. वजन खड्ड्यातल्या स्प्रिंगांवर जाऊन आदळलं होतं.

सेक्रेटरी सात मजले चढून धापा टाकत आले. "काय केलं? कोणी केलं?"

लिफ्टवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. हे काम गेलं तर बाकीच्या पाच इमारतींनाही कळणार. त्याने लेकीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. मुलं दोराकडे बघत होती, त्याचा हात कोणी पाहिला नव्हता. फक्त सर त्याच्या अगदी शेजारी उभे होते.

"गर्दी होती," तो म्हणाला. "कोणाचा तरी धक्का लागला असेल दांड्याला."

सेक्रेटरी सरांकडे वळले. सरांनी लिफ्टवाल्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि म्हणाले, "मुलांना मी आणलं होतं. जबाबदारी माझीच."

लिफ्ट नऊ दिवस बंद राहिली. सहाव्या मजल्यावरच्या आजोबांना दवाखान्यात न्यायला खुर्चीत बसवून चौघांनी उतरवलं. इमारतीची सभा झाली आणि सरांची घरची शिकवणी बंद करण्यात आली. परीक्षेला दीड महिना उरला होता. आठ मुलं आठ दिशांना गेली.

लिफ्टवाला जिंकला. घरात "सर म्हणतात" ऐकू येईना. लेक संध्याकाळी घरीच बसायची, दार लावून अभ्यास करायची. त्याने पहिले दोन दिवस हा विजय साजरा केला, म्हणजे दोनदा दळण न सांगता आणलं. तिसऱ्या दिवसापासून त्याला करमेना. लेक "सर म्हणतात" म्हणत नव्हती, पण "बाबा" सुद्धा म्हणत नव्हती.

दोन आठवडे गेले. एका संध्याकाळी तो सातच्या आत घरी आला, हातपाय धुतले आणि तिच्या खोलीत जाऊन बसला. "काय अडलं असेल तर विचार मला," तो म्हणाला. "लिफ्टवरचं तरी येईल."

लेकीने त्याच्याकडे न बघता वही पुढे सरकवली. "हे बघा बरोबर आहे का."

पानावर नीट अक्षरात आकडे होते. तिने बोट ठेवत वाचून दाखवलं. "वजन सातशे किलो, बारा मीटर खाली आलं. गुरुत्वाचे दहा धरले. चौऱ्याऐंशी हजार ज्यूल ऊर्जा सुटली. पेटी पाचशे किलो, बारा मीटर वर गेली, त्यात साठ हजार लागले. उरले चोवीस हजार. आता घर्षणात काहीच गेलं नाही असं धरलं. सगळे चोवीस हजार वेगाला दिले. म्हणजे लिफ्ट जितकी जोरात जाऊ शकेल तितकी जोरात नेली. तरी तिसऱ्यावरून सातव्यावर जायला पावणेचार सेकंद लागतात. खरं तर जास्तच लागले असतील. आणि दांडा सोडला की ब्रेक आपोआप आवळतो, हे तुम्हीच सांगितलंत."

तो आकड्यांकडे बघत राहिला. बरोबर होते. सगळे बरोबर होते.

"धक्का पावणेचार सेकंद लागत नाही, बाबा."

बाहेर बायको भांडी लावत होती, तीही थांबली. आणि आता ऐका या माणसाची गंमत. इतकं सगळं समोर आलं, तरी त्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा: "सरांना दाखवलंस हे?"

"दाखवलं. कॉलेजच्या दारात गाठलं त्यांना."

"मग?"

"त्यांनी वही मिटली. म्हणाले, गणित चुकलंय. बाबांचा शब्द खरा मान." तिने वही स्वतःकडे ओढली. "सर माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोलले. तुमच्यासाठी."

लिफ्टवाल्याला कोणीतरी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. त्या माणसाने याचं नाक कापलं असतं, चार लोकांत उघडं पाडलं असतं, तर रागावता तरी आलं असतं. त्याने तेवढीही सोय ठेवली नव्हती.

"मीच धरून ठेवला," तो म्हणाला. "मुद्दाम."

"का?"

"तुम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतात. तू वही काढलीस. माझं काही लिहून नाही घेतलंस." आणि मग, कारण आता लपवण्यात काही अर्थ नव्हता, तो म्हणाला, "मला सहन होत नाही गं ते. अजूनही होत नाही."

त्याला वाटलं लेक रडेल, किंवा म्हणेल असू दे बाबा, किंवा निदान ओरडेल तरी. तिने वही बंद केली, पेनाला टोपण लावलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"सेक्रेटरी साडेसातला फिरायला निघतात," ती म्हणाली. "आत्ता गेलात तर घरी सापडतील."