समोरच्या खुर्चीत कोण?

खुशालरावांचा कुणावर विश्वास नव्हता, आणि त्याचं त्यांना काही वाईटही वाटत नसे. दूधवाल्याच्या मापावर नाही, डॉक्टरच्या गोळ्यांवर नाही, हवामान खात्यावर तर मुळीच नाही. बडनेऱ्याच्या रेल्वे यार्डात जन्म गेला. तिथं सगळं दोनदा पाहायची सवय लागली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. आता पाहायला गाड्या नव्हत्या, म्हणून ते घरच्यांना दोनदा पाहत.

त्यात मुलीनं, प्रणालीनं, अमरावतीच्या कॉलेजात व्हिडिओ शूटिंग आणि एडिटिंगच्या कोर्सला नाव घातलं.

“व्हिडिओ काढाले शाळा लागते? गल्लीतले पोट्टेही काढतात,” खुशालराव म्हणाले. प्रणालीनं वाद घातला नाही. तेव्हाच त्यांना पहिला संशय आला, कारण ही पोरगी वाद घातल्याशिवाय राहणारी नव्हती.

पहिल्या महिन्यात तिला घरचं माणूस धरून सराव करायचा होता. आई शाळेत शिकवायला जात असे, म्हणून बाप सापडला. दारातून आत या, खुर्चीवर बसा, पाणी प्या. हे लांबून एकदा, जवळून एकदा, आणि नुसत्या हाताचं एकदा.

“तीनदा पाणी पाजून राहिली मले. एकदा पेलो ते दिसलं नाई का?”

“बाबा, दुपट्टा डाव्या खांद्यावर होता. आता उजव्यावर काहून घेतला?”

“माह्या दुपट्ट्यावर तुह्या कॉलेजचा हक्क हाय का?”

पण लॅपटॉपवर पाहिलं तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली. दार उघडणारे खुशालराव सोमवारचे होते, बसणारे बुधवारचे. तरी एकच माणूस एका दमात आत येऊन पाणी प्यायला होता, जोड कुठे दिसत नव्हता. प्रणाली खुशीत सांगत होती, की हालचाल चालू असतानाच कापायचं, म्हणजे डोळ्याला कळत नाही. खुशालरावांनी त्यातून वेगळाच धडा घेतला. त्या दिवसापासून टीव्हीवरच्या बातम्यांवरचाही त्यांचा विश्वास उडाला.

व्हिडिओनं त्यांना पूर्वी एकदा दुखावलं होतं. टाळेबंदीच्या काळात अकोल्याला थोरल्या भावाच्या, रामरावांच्या, मुलाचं लग्न झालं. माणसं मोजकीच बोलवायची होती. रामरावांनी फोनवर सांगितलं, घरूनच आशीर्वाद दे. ठीक आहे, दिवसच तसे होते. पण मागून लग्नाचा व्हिडिओ आला, आणि खुशालरावांनी तो थांबवून थांबवून पाहिला. पंगतीत रामरावांचे शेजारी जेवत होते. शेजाऱ्यांना जागा होती, सख्ख्या भावाला नव्हती! तेव्हापासून बोलणं बंद. अकोला रेल्वेनं दीड-दोन तासांवर, पण खुशालरावांनी त्या बाजूची गाडी धरली नाही. रामरावांनीही विचारलं नाही. दोघं एकाच मातीचे. प्रणालीला मात्र मोठे बाबा, म्हणजे रामराव, फार लाडके होते, आणि हे घर असं अर्धं राहील याची तिला धास्ती होती.

दुसऱ्या सत्रात तिनं फरशीवर खडूनं रेघ ओढली, खिडकीच्या हिरव्या पडद्यापुढे खुर्ची मांडली आणि बापाला बसवलं.

“आता दोन माणसाचं बोलनं. कॅमेऱ्याकडे नोका पाहू, माह्या हाताकडे पाहा. हाताच्या जागी माणूस बसला हाय समजा.”

“अन् हे रेघ?”

“कॅमेरा रेघेच्या पलीकडे न्यायचा नाई. नाईतं दोघंही एकाच बाजूले पाहत बसतात, बोलून राहिले असं वाटतच नाई.”

“समोर कोन माणूस हाय?”

“कोनीही.”

“कोनीही कसा? वैरी असला तं तोंड येगळं करा लागते, सोयरा असला तं येगळं.”

प्रणाली कॅमेऱ्यामागे वाकली. “लय दिवसांनी भेटलेला,” ती म्हणाली.

बोलायचं फार नव्हतं. कसा हायस, लय दिवस झाले, च्या घे. खुशालरावांनी म्हटलं, पण मनात पाल चुकचुकली. रविवारी ती मैत्रिणीकडे निघाली तेव्हा त्यांनी पाहिलं, की कॅमेऱ्याच्या दोन्ही बॅटऱ्या चार्ज करून घेतल्या आहेत आणि खिडकीचा हिरवा पडदा जागेवर नाही.

“पडदा कुठी गेला?”

“धुवाले टाकला.”

दोरीवर पडदा नव्हता. कॉलेजचा कोणी पोरगा असेल, असा खुशालरावांचा अंदाज. बापाच्या जिवाला घोर लागला.

आठवड्यानं तिनं लॅपटॉप उघडला. हिरव्या पडद्यापुढे खुशालराव बसले होते. “कसा हायस?” त्यांनी विचारलं. पुढच्या क्षणी तोच हिरवा पडदा, आणि त्यापुढे रामराव. केस पार पांढरे. “बरा हावो,” रामराव म्हणाले, सरळ खुशालरावांकडे पाहत.

खुशालराव उठून उभेच राहिले. “मी त्याच्याशी बोललोच नाई! तू बोलाले लावलं मले. बापाले फसवून?”

“हो बाबा. फसवलं,” प्रणाली म्हणाली. आता बाप आपल्याशीही बोलणं टाकतो की काय, ही भीती तिच्या तोंडावर लख्ख दिसत होती.

ते दारापर्यंत गेले आणि परत आले. “पुन्हा लाव.”

दुसऱ्यांदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. राग होता, पण डोळे हटत नव्हते. मग त्यांनी एके जागी थांबवायला लावलं. रामराव कपाला हात घालतात, आणि लगेच खुशालरावांचा चेहरा येतो तो कितीतरी वेळ. परत रामराव दिसतात तेव्हा कप रिकामा.

“इथं मी इतका वेळ काहून दिसतो?”

“ऐकणाऱ्याचाही चेहरा दाखवा लागते, नियम हाय.”

“नियम नोको सांगू. च्या पेताना तो काहून नाई दिसत? तू काही तरी कापलं.”

प्रणालीनं मान खाली घातली आणि न कापलेलं चित्रण लावलं.

रामरावांचा हात थरथरत होता. कप तोंडाशी जाईना. अर्धा चहा धोतरावर सांडला. दुसऱ्या हातानं मनगट धरून त्यांनी कसेबसे दोन घोट घेतले आणि पुतणीकडे वळून म्हणाले, “हे नोको दाखवू वं खुशालले. त्याले वाटन मी नाटक करून राहिलो.”

खुशालराव खुर्चीत बसले. आधी दाखवलं असतं तर आपण नेमकं हेच म्हटलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. मोठ्या भावालाही ते ठाऊक होतं, याची त्यांना भारी लाज वाटली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सकाळी त्यांनी प्रणालीला उठवलं. “चाल अकोल्याले. कॅमेरा घरी ठेव.” गाडीत त्यांनी तिला दोनदा विचारलं, फोन करून सांगितलं तं नाई ना. तिनं सांगितलं नव्हतं.

रामरावांनी दार उघडलं. धाकट्या भावाला पाहून ते पांढरेफटक पडले. भिंतीचा आधार घेऊन त्यांनी विचारलं, “कोन मेलं?”

“अजून कोनी नाई मेलं दादा,” खुशालराव म्हणाले, “म्हणूनच आलो.”