दोन खिडक्यांतलं मानपत्र

गोपाळच्या गळ्यात अख्खं देऊळघाट वस्तीला होतं. सरपंचांचं खाकरणं, कंडक्टरचं "मांगं सरका हो", सगळं हुबेहूब. पण शाळेच्या ऑफिसात खरी मागणी एकाच आवाजाला, मोठे बाबू भगवानराव यांच्या. त्यांचं प्रत्येक वाक्य "मी काय म्हन्तो" करतच बाहेर पडायचं. "मी काय म्हन्तो, जेवला काय बे?" "मी काय म्हन्तो, पंखा बंद कर." गोपाळला टायपिंग त्यांनीच शिकवलं, तेही याच पालुपदावर.

भगवानरावांच्या निरोपाचं मानपत्र अर्थातच गोपाळकडे आलं. त्यानं ते मन लावून टाइप केलं. शेजारच्या टेबलावरच्या योगिनीनं डोकावून पाहिलं.

"लय कोरडं झालं बाप्पा. याच्यात आपले भगवानभाऊ कुठी हायेत?"

झालं, गोपाळच्या जिभेला खाज सुटली. त्याच्या कॉम्प्युटरवरच्या एडिटरात टॅबांचा आठवडी बाजार भरलेला. त्यात आणखी एक कुठं बसवणार? त्यानं पडदा मधोमध चिरला आणि तेच मानपत्र दोन खिडक्यांत उघडलं. डावीकडचं समारंभाचं, उजवीकडचं गमतीचं. उजवीकडे पार खाली उतरून त्यानं ठोकून दिलं, 'मी काय म्हन्तो, आपण पोरांवर माया केली. मी काय म्हन्तो, आपण कधी रजा घेतली नाही.' योगिनी ओढणी तोंडाशी धरून हसली. डावीकडे वरच्या ओळी जशाच्या तशा शहाण्यासारख्या उभ्या होत्या. गोपाळनं उजवी खिडकी मिटली, डावीची प्रिंट काढली, आणि फ्रेमवाला दारात घाई करत होता म्हणून न वाचताच त्याच्या हाती दिली.

समारंभात मुख्याध्यापिका चारुलता मॅडम वाचायला उभ्या राहिल्या. पहिलं 'मी काय म्हन्तो' आलं, पोरं फिस्सकन हसली. मॅडमना वाटलं, मुद्दामच घातलंय. दुसरं त्यांनी चांगलं ठसक्यात म्हटलं. मंडप दणाणला. भगवानरावही हसले, पण सगळ्यांच्या मागून, आणि अंगावरच्या शालीचे गोंडे सारखे करत बसले. गोपाळला मान वर करवेना.

ऑफिसात येऊन त्यानं डावीकडचा टॅब उघडून पार खाली पाहिलं. गमतीच्या ओळी तिथंही होत्या. योगिनी मागं उभी होती.

"दुसऱ्या नावानं सेव्ह नव्हतं केलं काय?"

"दोन खिडक्या होत्या ना."

"खिडक्या दोन होत्या रे. घर एकच."

तेवढ्यात काखेत फ्रेम धरून भगवानराव निरोप घ्यायला आले. गोपाळ उठला. "भाऊ, ते मी..."

"चांगलं लिवलं." त्यांनी तोंड उघडलं, "मी का" एवढं बाहेर आलं, आणि घासात खडा लागावा तसे थांबले. ओठ मिटले. "येतो," म्हणाले.

दारातून वळून त्यांनी आपल्या रिकाम्या टेबलावर गरगरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं, आणि काहीच न बोलता पायऱ्या उतरले.